साप, धरण आणि मंदारच्या टाक्या

निघण्याआधी

नाताळच्या सुट्टीत चार दिवस पुण्याला जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरातल्या पाच माणसांना पाच वेगवेगळी पुणी बघायची होती. नऊ वर्षांच्या रेवाला कात्रजचे साप बघायचे होते. पाच वर्षांच्या ओमला आगगाडीत बसायचं होतं, ती लहान असली तरी चालणार होती, फक्त पुढच्या डब्यात जागा हवी होती. माझ्या नवऱ्याला, सुहासला, पुण्यातल्या ब्रुअऱ्या बघायच्या होत्या. तिथे बिअर बाटलीतून येत नाही, तिथल्याच टाक्यांमध्ये तयार होते आणि ताजी मिळते. सुहास कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा ग्लास, यापलीकडे त्याचं पिणं नाही, पण त्याविषयीचं वाचन मात्र दांडगं. मला माझ्या धाकट्या भावाला, मंदारला, भेटायचं होतं. आणि आईला काहीच बघायचं नव्हतं.

मंदार अशाच एका ब्रुअरीत बिअर बनवतो. टेबलावर आणून देत नाही, विकत नाही, बनवतो. पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकला, आधी दह्याच्या कारखान्यात लागला आणि चार वर्षांपूर्वी इकडे आला. तेव्हापासून तो आणि आई फोनवर तब्येतीबद्दल बोलतात, हवेबद्दल बोलतात, बार्शीच्या पाण्याच्या पाळ्यांबद्दल बोलतात. कामाबद्दल बोलत नाहीत.

याचं कारण एका वाक्यात सांगता येतं. आमचे बाबा दारूने गेले. मी तेव्हा दहावीत होते आणि मंदार दहा वर्षांचा. आईने पुढची सगळी वर्षं अंगणवाडी चालवली, दुसऱ्यांची पोरं सांभाळून आपली वाढवली. तिचा मुलगा दारूच्या धंद्यात गेला, हे तिच्यापुरतं एवढंच होतं. बिअर आणि दारू यांतला फरक सुहासने तिला एकदा समजावून द्यायचा प्रयत्न केला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सुहासराव, तुम्ही शिकलेले आहात. मी नुसती बघितलेली आहे."

तर अशा घराची सहल आखायची होती. मी नियम केला: सकाळ मुलांची, दुपार झोपेची, संध्याकाळ सुहासची. ज्या संध्याकाळी ब्रुअरी, त्या संध्याकाळी आपली गाडी हॉटेलवर, जायचं-यायचं रिक्षाने. ब्रुअरीला उघडं अंगण हवं आणि मुलं तिथे चालायला हवीत. मी आधी फोन करून विचारलं. एका ठिकाणच्या गृहस्थांनी खास पुणेरी उत्तर दिलं, "चालतात ना मॅडम. चालतातच फक्त. पळणारी असली तर सांगा, काचा आहेत."

आई यायला तयार झाली, पण तिचीही अट होती. "मुलांबरोबर हिंडेन. मंदारला भेटेन. तो काम करतो तिथे मी पाऊल टाकणार नाही."

मी मंदारला हे कळवलं. तो म्हणाला, "येऊ तर दे."

शुक्रवार: फुलराणी

बार्शीहून पहाटे निघालो आणि दुपारी कल्याणीनगरच्या एका साध्या हॉटेलात सामान टाकलं. ओमला धीर नव्हता, त्यामुळे झोपेचा नियम पहिल्याच दिवशी मोडून आम्ही पेशवे पार्कात गेलो. तिथली फुलराणी तुम्ही पाहिली नसेल तर मुलं लहान आहेत तोवर दाखवून आणा. छोटी गाडी, छोटे रूळ, झाडांमधून एक वळसा. ओमला पुढचा डबा मिळाला. दुसऱ्या फेरीसाठी तो रांग सोडून पुढे घुसू लागला तेव्हा तिथला तिकिटं तपासणारा माणूस त्याला म्हणाला, "बाळ, गाडी गोल फिरते. पळून जाणार नाही." ओम गंभीरपणे परत मागे जाऊन उभा राहिला.

आई त्याच्याबरोबर तिन्ही फेऱ्यांना बसली. उतरल्यावर पदराने चेहरा पुसत म्हणाली, "छान आहे. मंदार लहान असताना यायला हवं होतं."

संध्याकाळी आई हॉटेलवर राहिली आणि आम्ही चौघे सुहासच्या पहिल्या ब्रुअरीत गेलो. ही मंदारची नव्हे, दुसरीच. आमच्याकडे परमिट रूमच्या दाराला पडदा असतो, आणि बाहेर येणारा माणूस आधी डावी-उजवीकडे बघतो, मग रस्त्यावर पाय ठेवतो. इथे पडदाच नव्हता. झाडांना दिवे लावलेले, एका टेबलावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, दुसऱ्यावर आजी-आजोबा, तिसऱ्यापाशी बाळाची उंच खुर्ची. मुलांना रंगायला कागद आणि खडू मिळाले. सुहाससमोर लाकडी फळीवर चार छोटे ग्लास आले, पिवळ्यापासून काळ्यापर्यंत चार रंगांचे. तो एकेकाचा वास घेऊन मला सांगत होता: हा गव्हाचा, यात केळ्यासारखा वास येतो बघ. हा करपवलेल्या धान्याचा, कॉफीसारखा. मी गव्हाच्या ग्लासातला एक घोट घेतला. वाईट नव्हता. तरी तो गिळताना मला आईची आठवण आली, आणि पुढचा घोट मी घेतला नाही.

रेवा चित्र रंगवताना मान वर न करता म्हणाली, "आई, मामा हेच बनवतो?"

"हो."

"मग आजी का नाही आली?"

"तुझ्या आजोबांना हे खूप प्यायची सवय होती. त्यात ते आजारी पडले आणि गेले. म्हणून आजीला हे आवडत नाही."

तिने खडू खाली ठेवला. "मग बाबा का पितात?"

सुहास म्हणाला, "मी थोडं पितो, बाळा. थोडं म्हणजे किती, ते मला रोज नव्याने ठरवावं लागतं. आजोबांना ते ठरवता येईनासं झालं." रेवाने यावर विचार केला आणि विचारलं, "तुम्हाला येईनासं झालं तर आम्हाला सांगाल ना?" सुहास "सांगेन" म्हणाला. चौथा ग्लास त्याने तसाच ठेवला.

शनिवार: कात्रज, मग खडकवासला

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात सकाळी लवकर जावं. ऊन चढलं की वाघ सावलीत जातो आणि तुम्हाला त्याची फक्त शेपटी दिसते. आम्हाला तो चांगला येरझारा घालताना दिसला. पण रेवाला वाघाचं काही नव्हतं. ती सर्पोद्यानात काचेला नाक लावून नागापुढे इतका वेळ उभी होती, की शेवटी आईने तिला ओढून आणलं. "अगं, त्यालाही जरा एकट्याला राहू दे."

मंदार आणि त्याची बायको पल्लवी आम्हाला तिथेच येऊन भेटले. मंदार वाळलेला वाटला मला. तो वाकून आईच्या पाया पडला तेव्हा तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात क्षणभर केसांतच राहिला. एवढ्या वेळात तिने त्याच्या तोंडाचा वास घेतला, हे फक्त मला कळलं. कारण आम्ही लहान असताना बाबा घरी आले, की मीही तेच करायची.

दुपारी सगळे मिळून खडकवासल्याला गेलो. हिवाळ्यात धरण भरलेलं असतं, वारा गार असतो, आणि रस्त्याच्या कडेला कणसं, उकडलेल्या शेंगा, कांदाभजी यांच्या गाड्या ओळीने उभ्या असतात. कणसाला लिंबू आणि तिखट इतकं चोळतात, की ओमच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी सोडेना. पल्लवी दोन्ही मुलांना घेऊन पाण्याच्या कडेला दगड फेकायला गेली, सुहास त्यांच्या मागे गेला. कठड्यावर मी, आई आणि मंदार राहिलो. मी उठायला लागले तर आई म्हणाली, "बस, माधवी. तुझ्यासमोरच विचारते."

आणि तिने चार वर्षांत न विचारलेलं विचारलं.

"तू पितोस का रे?"

"चाखतो," मंदार म्हणाला.

"चाखतोस म्हणजे?"

"टाकीतून घोटभर काढतो, तोंडात फिरवतो, बरंचसं थुंकून टाकतो. कामाचा भाग आहे तो."

"आणि घरी?"

"एखादवेळी. पल्लवीबरोबर."

"तुझे बाबापण एखादवेळीच म्हणायचे."

मंदारने हातातलं कणीस कागदात गुंडाळून बाजूला ठेवलं. "मी बाबा नाही, आई."

"मी कुठे म्हणतेय तू बाबा आहेस? मला एवढंच कळत नाही. त्या घरात तू दहा वर्षं काढलीस. सगळं बघितलंस. मग जगातली सगळी कामं सोडून हेच का घेतलंस?"

समोर सुहास ओमला दगड कसा तिरका फेकायचा ते शिकवत होता.

"मला नीट सांगता येणार नाही," मंदार म्हणाला. "लहानपणी मला त्या बाटलीची भीती वाटायची. आत काय आहे तेच कळायचं नाही, एवढं घर मोडण्यासारखं. कॉलेजात कळलं की आत धान्य आहे, पाणी आहे आणि यीस्ट आहे. भीती गेली. मग त्यातच शिकत गेलो."

"भीती जायला नको होती," आई म्हणाली.

वाऱ्याने तिचा पदर उडत होता, तो तिने कमरेला खोचला. मंदार तिच्याकडे वळून म्हणाला, "उद्या सकाळी ये, आई. गिऱ्हाइकं दुपारी येतात, सकाळी कुणी नसतं. एकदा बघ मी कुठे उभा असतो दिवसभर. परत कधी म्हणणार नाही."

"बघू," आई म्हणाली.

आमच्या घरात आईचं 'बघू' म्हणजे 'नाही'. मंदारलाही ते ठाऊक होतं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

रविवार: मुंढवा

सकाळी मी उठले तेव्हा आई अंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून खुर्चीत बसली होती. म्हणाली, "किती वाजता निघायचं?"

मंदारची ब्रुअरी मुंढव्याच्या बाजूला, नदीपासून जवळ. पुढे मोठं अंगण, त्यात मुलांसाठी वाळूचा हौद आणि दोन झोके. मागे काचेच्या भिंतीपलीकडे उंच, चकचकीत पोलादी टाक्या. आई उंबऱ्याशी थांबली. मंदारने तिचा हात धरला नाही, नुसता बाजूला उभा राहिला. मग ती आत आली.

आत उकळत्या धान्याचा वास भरला होता. मंदारने एका टाकीचं झाकण उघडलं, आणि वाफेबरोबर तो वास इतका जोरात आला की आई चटकन म्हणाली, "अरे, हे तर सत्त्व!"

बाळांना खिमटीत घालतात ते नाचणीचं सत्त्व ती वर्षानुवर्षं करत आली आहे. धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, दळायचं. मंदार म्हणाला, "जवळजवळ तेच. ही बार्ली आहे. मोड आणून वाळवलेली, भरडून गरम पाण्यात शिजवतोय." त्याने वाटीत त्यातलं गाळलेलं पाणी काढून मुलांना दिलं. "यात अजून काही नाही. नुसतं गोड पाणी आहे." रेवा आणि ओम मिटक्या मारत ते प्यायले. आईने वाटीला हात लावला नाही.

"आणि मग?" तिने विचारलं.

"मग गार करून त्या टाकीत नेतो. यीस्ट टाकतो."

"म्हणजे इथपर्यंत ठीक असतं."

मंदार "हो" म्हणाला. "इथपर्यंत ठीक असतं."

त्याने तिला सगळं दाखवलं. ती प्रत्येक टाकीपाशी थांबली, पण अंगणवाडीच्या तपासणीला आलेल्या बाईंसारखी, चेहऱ्यावर काही न दाखवता. शेवटी म्हणाली, "स्वच्छ ठेवतोस." मंदारचे कान लाल झाले. लहानपणी शाबासकी मिळाली की व्हायचे तसेच.

खरं म्हणजे आम्ही तेव्हाच निघायला हवं होतं. पण मुलांना झोके सोडवेनात, आणि सुहासला मेहुण्याच्या हातची बिअर एकदा प्यायची होती. आईच म्हणाली, "जेवून जाऊ. मी पाठमोरी बसते." दुपार झाली, अंगण भरलं, आणि आई काउंटरकडे पाठ करून, वाळूच्या हौदाकडे तोंड करून बसली. बटाट्याच्या कापांची तिने तारीफ केली. सुहासने अर्धा ग्लास घेतला.

रेवाची हौदापाशी सई नावाच्या मुलीशी दोस्ती झाली होती. सई आमच्या शेजारच्या टेबलावरची. तिथे तिचे आई-बाबा बसले होते, आणि बाबांच्या समोर मोठे ग्लास येत होते आणि रिकामे होऊन परत जात होते. त्यांचा आवाज आधी मोठा होता, मग आणखी मोठा झाला, मग एकदम बसला. सईची आई ताटातला एकच घास इकडून तिकडे सरकवत होती.

रेवा पाणी प्यायला टेबलापाशी आली आणि धापा टाकत म्हणाली, "आई, सईची गंमत माहितीये? तिच्या बाबांचं पिऊन झालं ना, की घरी जाताना ती गाडीच्या सगळ्या खिडक्या उघड्या ठेवते. थंडीतपण. आणि मोठ्ठ्याने गाणी म्हणते. म्हणजे बाबांना झोप नाही लागत."

ती पाणी पिऊन पळाली. सुहासने ग्लास खाली ठेवला. मी आईकडे बघितलं.

ती उठली. सरळ काचेच्या भिंतीपलीकडे गेली, जिथे सकाळी येताना ती उंबऱ्यावर अडली होती. मी मागोमाग गेले. मंदार नळी गुंडाळत होता.

"त्या टेबलावरच्या माणसाला गाडी चालवू देऊ नकोस," आई म्हणाली.

"कुणाला?"

तिने दाखवलं. मंदारने बघितलं. "आई, टेबलं मॅनेजर बघतो. माझं काम इथलं."

"त्याच्या पोटात आहे ते कुणी बनवलंय?"

मंदारने नळी खाली टाकली, हात पुसले आणि बाहेर आला. तोवर ती तिघं उठली होती. सईच्या बाबांच्या हातात किल्ली होती आणि दुसरा हात खुर्चीच्या पाठीवर, तोल सावरायला.

"दादा, किल्ली माझ्याकडे द्या," मंदार म्हणाला. "मी सोडतो तुम्हाला घरी."

"तू कोण?"

"मी इथे बिअर बनवतो."

"मग बनव की. मी बिल दिलंय, फुकट नाही प्यायलो."

"बिलाचं नाही, दादा. तुमच्याबरोबर मुलगी आहे."

"माझ्या मुलीचं मला शिकवतो?" त्या माणसाने हात झटकला, टेबलावरचा ग्लास फरशीवर फुटला. मॅनेजर धावत आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मंदार, तू आत जा. मी बघतो. नेहमीचे आहेत ते."

मंदार आत गेला नाही. तो फाटकापाशी जाऊन त्यांच्या गाडीसमोर उभा राहिला. सईचे बाबा त्याला घाण शिव्या देत होते. मंदार उलट काही बोलला नाही, पण हललाही नाही. मॅनेजर हात जोडत दोघांच्या मध्ये फिरत होता. हे किती वेळ चाललं असतं कोण जाणे. सईच्या आईने पुढे होऊन नवऱ्याच्या मुठीतून किल्ली काढून घेतली. त्याने फारसा विरोधही केला नाही, थकला असावा. तिने ती मंदारला दिली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "विमाननगर. मला गाडी येत नाही."

मंदार दार उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "थांब. तू आज चाखलंयस?"

"नाही. आज शिजवायचा दिवस होता."

"मग चल," ती म्हणाली, आणि मागच्या सीटवर सईच्या शेजारी जाऊन बसली.

पुढचं मला मंदारने नंतर सांगितलं. तो माणूस पुढच्या सीटवर बसल्या बसल्या झोपला. त्याची बायको खिडकीबाहेर बघत राहिली. सईने सवयीने खिडकी खाली केली आणि गाणं म्हणायला तोंड उघडलं. आई तिला म्हणाली, "खिडकी लाव, बाळ. थंडी वाजेल. आज गाडी चालवणारा जागा आहे." सईने आरशातून मंदारकडे बघून खात्री करून घेतली. मग खिडकी लावली आणि विमाननगर येईपर्यंत आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली.

उतरताना सईच्या आईने विचारलं, "उद्या काय?" तेवढंच. आईने तिला आपला फोन नंबर सांगितला. म्हणाली, "मला उत्तर माहीत नाही. पण मी अठरा वर्षं त्यातून गेलेय. बोलावंसं वाटलं तर बोल."

परत येताना दोघे रिक्षात होते. आई म्हणाली, "तुझ्या बाबांना सगळं गाव ओळखायचं. बाहेर पडले की लोक नमस्कार करायचे. पाय लागायचा नाही तेव्हा स्कूटरला किक मारून द्यायचे. तू पुढे उभा असायचास. किल्ली कधी कुणी मागितली नाही."

मंदारला वाटलं, आता ती आपलं कौतुक करतेय. आणि ते त्याला सहन होईना. तो म्हणाला, "आई, खरं सांगतो. असा एखादा रोज असतो. रोज मी बाहेर येत नाही. मी टाक्यांपाशी असतो."

"माहीत आहे," आई म्हणाली. "म्हणून तर सांगतेय."

संध्याकाळी ब्रुअरीच्या मालकांचा मंदारला फोन आला. त्या माणसाने तक्रार केली होती. मालकांनी त्याला चांगलंच सुनावलं: गिऱ्हाइकाच्या किल्लीला हात लावायचा अधिकार तुला कुणी दिला? मंदारने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग अधिकार द्या. कुणाला तरी द्या. संध्याकाळी एक ड्रायव्हर ठेवा फाटकावर." मालक "बघू" म्हणाले. पल्लवी आम्हाला म्हणाली, "नोकरी राहते का नाही कुणास ठाऊक." पण ती हे सांगताना घाबरलेली दिसली नाही.

सोमवार: वाघोली

निघायच्या दिवशी नाश्त्याला मंदारच्या घरी गेलो. वाघोलीला आता शेतं आणि उंच इमारती एकमेकांत मिसळल्या आहेत. त्याच्या गॅलरीतून एका बाजूला क्रेन दिसते आणि दुसऱ्या बाजूला कुणीतरी ज्वारीला पाणी देताना. पल्लवीने पोहे केले होते. मुलं मामाच्या अंगावर चढत होती.

मंदारला नोकरीवरून काढलं नव्हतं. सकाळी मॅनेजरचा निरोप आला होता, की ये, पण पुन्हा असं करू नकोस. ड्रायव्हरचं काही ठरलं नव्हतं. मंदार बूट घालत होता.

सुहास सामान खाली नेऊ लागला तेव्हा आई म्हणाली, "माझी पिशवी राहू द्या, सुहासराव. मी राहते थोडे दिवस."

पल्लवीच्या हातातली कपबशी तशीच राहिली. मंदार एका पायात बूट घालून बसला होता, तो वर बघायला लागला.

"मला तुझं काम आवडलेलं नाही," आई त्याला म्हणाली. "आवडणारही नाही. ते मनात धरू नकोस. पण तू सकाळी जाताना कसा जातोस आणि संध्याकाळी येताना कसा येतोस, ते मला बघायचंय."

"बघ ना," मंदार म्हणाला. "हवे तितके दिवस बघ."

आम्ही चौघे बार्शीला परतलो. सहल कशी झाली असं लोक विचारतात तेव्हा मी त्यांना फुलराणी सांगते, कात्रज सांगते, खडकवासल्याची कणसं सांगते. आणि बिअरसाठी मुलांना घेऊन जाणार असाल तर जा, पण शेजारच्या टेबलाकडेही लक्ष ठेवा, असंही सांगते.

आई रोज संध्याकाळी मला फोन करायची. बोलणं फार नसायचं. "आला. चेहरा ठीक आहे. जेवायला बसतोय." कधी नुसतंच, "आला." मी "बरं" म्हणायची आणि आम्ही दोघी ठेवून द्यायचो. लहानपणी आम्ही दोघी खिडकीशी बसून बाबांची वाट बघायचो, तेव्हाही एवढंच बोलायचो.

दोन आठवड्यांनी एका संध्याकाळी तिचा फोन आला नाही. साडेआठ झाले, नऊ वाजत आले. मीच लावला. बराच वेळ वाजल्यावर तिने उचलला. मागे पल्लवीचं हसणं ऐकू येत होतं, आणि मंदार कुणाची तरी नक्कल करत होता.

"आई, तो आला का?"

"कोण?" आई म्हणाली. मग लक्षात येऊन, "अगं हो, केव्हाच आला. फोन करायचा विसरलेच बघ मी."